पिवळ्या टपातलं शिसं

वाडीतल्या बायकांचे टप रंगावरून ओळखतात. किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, रापण, ओढून झाली, वाळूवर मासळीचे वाटे पडले, की प्रत्येक वाट्याशेजारी एकेक टप येऊन बसतो. निळा जानकीचा, हिरवा तिच्या जावेचा, काळा नर्मदेचा. टप ठेवून बाई चहा प्यायला गेली तरी तिच्या वाट्याला कुणी हात लावत नाही.

नर्मदेकडे आणखी एक टप होता. पिवळाधमक, दोन कानांचा, आत एखादं पोर बसून आंघोळ करील एवढा मोठा. पण तो किनाऱ्यावर कुणी कधी पाहिला नाही. तो रातांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा टप होता.

नर्मदा विजयदुर्गची. माहेर होड्यांचं, सासरही होड्यांचं. लग्न होऊन ती मालवणच्या किनाऱ्यावर आली तेव्हा तिला मासळी साफ करता येत होती, सुकवता येत होती आणि विकताना गिऱ्हाइकाला हसवता येत होतं. या तिसऱ्या गुणामुळे सासूनं तिला सुकी मासळी घेऊन कसालच्या बाजारात धाडायला सुरुवात केली. तिथं तिची रुक्मिणीशी गाठ पडली. रुक्मिणी जवळच्या गावातली शेतकरीण, रातांब्यांची पाटी घेऊन बसायची. दोघींची ओळख भांडणातून झाली.

"तुझ्या सुक्या बांगड्यांच्या वासान माझा गिऱ्हाईक पळता," रुक्मिणी म्हणाली.

"आणि तुझ्या रातांब्यांवरच्यो माश्यो माझ्या बांगड्यांवर येवन बसतत, तेचा काय?"

दुपारपर्यंत दोघी एकमेकींच्या पाटीला उन्हापासून आडोसा करून बसल्या होत्या. त्या दिवशी नर्मदा घरी रातांबे घेऊन आली आणि रुक्मिणी सुके बांगडे घेऊन गेली. पुढं कितीतरी वर्षं हे असंच चाललं. रातांब्याचं आगळ कसं घालायचं हेही रुक्मिणीनंच शिकवलं. एक थर फोडलेल्या रातांब्यांचा, एक थर जाड्या मिठाचा, रोज सकाळी लाकडी पळीनं ढवळायचं, मग कपड्यातून गाळायचं. पहिल्या वर्षीचं आगळ चाखून ती म्हणाली होती, "गो, तू मीठ हात राखून घालतंस. दर्यावरची असून मिठाक घाबरतंस?" नर्मदा त्यानंतर घाबरली नाही. दोनतीन वर्षांत तिचं आगळ रुक्मिणीच्याही पुढं गेलं. दाट, जांभळट लाल, पळीभर घातलं तर अख्ख्या नारळाच्या रसाला रंग चढायचा.

१९९८ साली वाडीच्या देवीच्या समाराधनेचं आगळ करणारी म्हातारी मुलाकडे बेळगावला राहायला गेली. तेव्हा वाडीचा मानकरी भिकाजी नर्मदेच्या अंगणात आला. उभ्याउभ्याच म्हणाला, "वयनी, हे वर्सापासून कढीचा आगळ तुझ्याकडना."

समाराधना वैशाखाच्या शेवटी, होड्या वर काढण्याच्या आधी. वर्षभरात तो एकच दिवस असा, की वाडीतल्या कुठल्याच चुलीवर मासळी चढत नाही. सगळी वाडी देवळात जेवते. भात, डाळ, भाजी असतेच, पण माणसं वाट बघतात ती सोलकढीची. एकदा तोंड धुऊन आलेली माणसं पुन्हा वाटी घेऊन उभी राहतात.

त्या आठवड्यात नर्मदा सावंतवाडीच्या बाजारात गेली आणि दुकानातला सगळ्यांत पिवळा टप निवडून घेऊन आली. घरात तिनं जाहीर केलं, "ह्या टपाक मासळीचो हात लागूक नाय. पाण्याचो थेंबसुद्धा मासळीचो नको." नवरा गुणाजी ओटीवर जाळं विणत होता. त्यानं मान हलवली. हंगाम संपला की नर्मदा तो टप राखेनं घासायची, उन्हात ठेवायची, आणि गुणाजी तो माळ्यावर चढवायचा. चैत्रात रातांबे आले की खाली काढून द्यायचा. माळ्यावर चढणं हे त्याचं काम. नर्मदेला शिडीची भीती वाटायची. भर दर्यात होडीत उभी राहणारी बाई शिडीच्या तिसऱ्या पायरीवर देवाचं नाव घ्यायची.

अशी दहा वर्षं गेली. समाराधनेची कढी म्हणजे नर्मदेची, हे आजूबाजूच्या वाड्यांतही माहीत झालं.

आणि २००८ च्या एप्रिलात तिची भाची संजना आली. भावाची मुलगी, गोव्यात फिजिक्स शिकत होती. रातांबे त्या वर्षी लवकर आले होते. आगळ गाळून बाटल्यांत भरून झालं होतं. धुतलेला टप अंगणात उन्हाला पडला होता.

"आते, माका तुझ्या घरातले प्लास्टिकचे तुकडे व्हये," संजना म्हणाली.

"कित्याक गो? घर बांधतंस काय?"

"तपासूक. रंगीत प्लास्टिकात कधी कधी शिसा घालतत, कॅडमियम घालतत. रंग बरो खुलता आणि टिकता. पण पोटात गेला तर वायट. लहान पोरांक तर भारीच वायट."

"आणि ता तुझ्या डोळ्यांक दिसता?"

"लेझराक दिसता."

नर्मदेनं लेझर हा शब्द लग्नाच्या वरातीतल्या हिरव्या दिव्यांवरून ऐकला होता. तो दिवा शिसं कसं शोधील हे तिला पटेना. संजना थोडा विचार करून म्हणाली, "आते, शेजारणीन तव्यार काय टाकल्यान ता तुका हयसर बसान कशा कळता?"

"वासार. बांगड्याचो येगळो, सुरमयचो येगळो."

"तसाच. लेझर प्लास्टिकाचो इतकोसो कण जाळता. इतको तापयता की तेचो उजेड पडता. शिशाचो उजेड येगळो, मिठाचो येगळो. तू वास घेतंस, आमी उजेड बघतंव."

हे नर्मदेला एकदम पटलं. तिनं हौसेनं घर धुंडाळलं. मोरीतला निळा मग, दोरीचा हिरवा तुकडा, जानकीच्या नातवाचा जत्रेतला नारिंगी खुळखुळा (तो फुटला होता, म्हणून एक काप मिळाला). आणि शेवटी स्वतःच पिवळा टप पुढे ओढला.

"हेच्या कानाचो काप काड. माझो टप पयलो येतलो बघ."

फोन आला तेव्हा मे महिना अर्धा सरला होता. घरात गुणाजीचा मोबाइल खिडकीत ठेवला तरच वाजायचा.

"आते," संजनाचा आवाज जपून येत होता, "निळो मग बरो आसा. दोरी बरी आसा. खुळखुळ्यात शिसा आसा. आणि... तुझ्या पिवळ्या तुकड्यातय गावला."

नर्मदेनं वळून बघितलं. भिंतीशी आगळाच्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. खिडकीतून येणाऱ्या उन्हानं त्या आतून पेटल्यासारख्या लाल दिसत होत्या.

"आते, ऐकतंस मां?"

"तुझा यंत्र चुकला."

"तीनदा बघलंय गो."

"मगे चौथ्यांदा माझ्या समोर बघ. मी टप घेवन येतंय."

गुणाजीला हे कळलं तेव्हा तो हसायलाच लागला. "टप घेवन गोव्याक? लोक म्हणतले, गुणाजीन बायलेक घरातसून काडल्यान, टपासकट."

"काडून तर बघा," नर्मदा म्हणाली आणि टपात चार हापूस, एक कापा फणस, आगळाची एक बाटली आणि स्वतःचं लुगडं ठेवून तयार झाली.

एसटीत कंडक्टरनं टपाकडे बघून मान हलवली. "काकी, टपाचा तिकीट पडतला."

"माझ्या मांडयेर बसतलो तो. मांडयेरच्या पोराक तिकीट घेतास?"

"किती वर्सांचो?"

"धा."

"मगे अर्धा तिकीट," कंडक्टर म्हणाला आणि अख्खी गाडी हसली. तिकीट मात्र त्यानं फाडलं नाही. फणसाचे गरे खाल्ले.

प्रयोगशाळा म्हणजे नर्मदेला वाटलं होतं तसं दवाखान्यासारखं काही नव्हतं. पडदे ओढलेली, थंडगार खोली. मधोमध एक भलंमोठं टेबल आणि त्यावर नळ्या, भिंगं, तारा. संजनाच्या मॅडम वऱ्हाडाकडच्या, पन्नाशीच्या, केसांत पेन खोचलेल्या. त्यांनी नर्मदेला खुर्ची दिली, डोळ्यांवर घालायला हिरवा चष्मा दिला आणि हापूस कोणत्या झाडाचा ते विचारलं. नर्मदेला बाई आवडली.

ती कचेरीतलं मराठी बोलली. "मॅडम, माझा टप चांगला आहे. ह्याच्यात मी मासळीसुद्धा कधी घातलेली नाही."

"बघू या की," मॅडम म्हणाल्या. "पण मला कानाचा तुकडा पुरणार नाही. फळं जिथं टेकतात, तिथला हवा. तळाचा."

तळाचा तुकडा काढला की टपात पुन्हा काही राहणार नाही, हे सगळ्यांना एकदम कळलं. संजना आतेकडे बघू लागली. नर्मदेनं टपाच्या तळावरून हात फिरवला. तो तिला चांगला ओळखीचा होता, बोटाखाली येणाऱ्या प्रत्येक चरीसकट.

"काप," ती म्हणाली.

तुकडा एका छोट्या मंचावर बसवला. संजनानं कळ दाबली. टक् असा आवाज झाला, वाळकी शेंग फुटावी तसा, आणि प्लास्टिकवर मोहरीएवढी पांढरी ठिणगी उमटून गेली. एवढंच. नर्मदेनं पुढचं काहीतरी व्हायची वाट बघितली.

"झालं?"

"झालं. आता इथं बघा." मॅडमनी पडद्याकडे बोट दाखवलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या रेघा उभ्या राहिल्या होत्या, काही ठेंगण्या, काही ताडासारख्या उंच. "ही मिठाची. तुमच्या घरातून आलेल्या प्रत्येक तुकड्यात ही असते. संजना तर वैतागली होती."

"समुद्र दारात आहे मॅडम. मीठ आमच्या उशीतसुद्धा असेल."

"आणि ही," मॅडमनी जांभळ्या बाजूची एक रेघ दाखवली, "शिशाची."

रेघ अगदी सरळ, स्पष्ट उभी होती. नर्मदेला वाटलं, यंत्र खोटं बोलत असतं तर ती इतकी नीट उभी राहिली नसती. तिच्या डोळ्यांपुढे देवळातली पंगत आली, वाट्या पुढं करणारे हात आले. लहान हात जास्त आले.

"पिवळ्या रंगात शिसं बरेचदा क्रोमियमला धरून येतं," संजना मॅडमना सांगत होती. "म्हणून मी रंगाचंच असेल असं धरलं."

"मग क्रोमियमची रेघ कुठं आहे?"

संजनानं पडदा वरपासून खालपर्यंत बघितला. "दिसत नाही. मला वाटलं, बारीक असेल म्हणून..."

"आपण धरायचं नाही, बघायचं. त्याच जागी मारत राहा."

टक्. टक्. टक्. ठिणगी त्याच ठिपक्यावर पडत होती आणि दर वेळी प्लास्टिकात सुईच्या टोकाइतकी आणखी खोल जात होती. आणि पडद्यावर ती जांभळ्या बाजूची रेघ खाली येऊ लागली. आधी अर्धी झाली, मग बोटभर, मग ओहोटीला खडकावरून पाणी उतरावं तशी उतरत उतरत गेली आणि नाहीशी झाली. मिठाची रेघसुद्धा बसली. दुसऱ्या जागी केलं, तिथंही तेच. मग मॅडमनी नारिंगी खुळखुळ्याचा काप लावायला सांगितला. त्यात शिसं आणि क्रोमियम दोन्ही रेघा होत्या, आणि कितीही खोल गेलं तरी त्या जागच्या हलल्या नाहीत.

"हा फरक," मॅडम म्हणाल्या. "खुळखुळ्याचा रंगच शिशाचा आहे, आरपार. तुमच्या टपात शिसं नाही. टपावर आहे. बाहेरून लागलंय, चरींत बसलंय."

"म्हणजे टप निर्दोष!" नर्मदा उभीच राहिली.

"टप निर्दोष. पण शिसं आहेच ना. त्यात तुमचं फळ आंबट, वर मीठ. दोघं मिळून ते ओढून घेणार. हे येतं कुठून? टपात काय काय ठेवता?"

"रातांबे."

"आणि बाकीचे महिने?"

"बाकीचे महिने माळ्यावर पालथा असतो. कुणी हात लावत नाही. एक आमचे हे फक्त चढतात..." असं म्हणता म्हणता नर्मदा थांबली. चष्मा काढून तिनं संजनाकडे हात केला. "फोन लाव गो."

गुणाजी किनाऱ्यावर होता. फोनमधून वारा आणि लाटा आधी आल्या, मग तो.

"अवो, माळ्यार टपात काय ठेवतास?"

"कोण?... काय नाय."

"मॅडम ऐकतत. खरा सांगा."

"मॅडमांक माझो नमस्कार सांग."

"टपात काय आसता?"

फोनमध्ये कुणीतरी खाकरलं. मग गुणाजी म्हणाला, "पाग."

पाग म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं. पावसाळ्यात होड्या बंद असल्या की गुणाजी खाडीच्या तोंडाशी तीच घेऊन जायचा. घेराला ओळीनं शिशाचे मणी ओवलेले असतात. त्यांच्या वजनानं जाळं पाण्यात पटकन बसतं आणि मासळी अडकते. ते मणी गुणाजी स्वतः वितळवून पाडायचा आणि दोरीवर दातांनी चेपून बसवायचा.

"माझ्या देवीच्या टपात पाग!"

"अगो, धुतल्याली! गोड्या पाण्यान धुवन, सुकवन ठेवतंय. उंदीर दोऱ्यो खातत, मी काय करू? तुझो टप इतको बरो. वर फळी ठेवली की उंदराचो बापूस येवचो नाय."

"किती वर्सां झाली?"

"टप इलो तेच्या दुसऱ्या वर्सापासून... अगो, पण मासळीचो एक खवलो नाय हां पागेक! मी बघतंय मां."

मॅडमनी तोंडावर रुमाल धरला होता. संजना तर टेबलाखाली वाकून हसत होती. नर्मदेनं फोन बंद केला आणि मग तिलाही हसू आवरेना. नऊ वर्षं दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत शिशाचे मणी टपात बसले होते, कानांवरून लोंबत होते, खाऱ्या हवेनं त्यांच्यावर पांढरी भुकटी धरत होती. आणि आपण ज्या टपाला मासळीच्या पाण्याचा थेंब लागू दिला नाही, त्यात नवऱ्यानं अख्खं जाळं झोपवलं होतं.

हसणं ओसरल्यावर तिनं विचारलं, "आणि आगळ, मॅडम?"

"आगळाला दुसरं यंत्र लागतं. तुम्ही बाटली आणलीय ना? आठपंधरा दिवसांत सांगते. तोवर कुणाला देऊ नका."

समाराधना दहा दिवसांवर आली होती.

टप प्रयोगशाळेतच राहिला. नर्मदा मोकळ्या हातांनी परतली. गुणाजी दारात उभा होता. त्यानं तिच्या आधीच चूल पेटवून चहा ठेवला होता, जे वीस वर्षांत झालं नव्हतं.

चहा पिऊन तो हळूच म्हणाला, "कोणाक सांगूची काय गरज आसा? इतकी वर्सां पियालंव. कोण मेलो?"

"इतकी वर्सां म्हायत नव्हता म्हणान पियालंव. आता म्हायत असान कशी वाढू?"

"मगे गुपचूप दुसऱ्याकडना आगळ आणूया. तुझ्या बाटल्यांत भरूया. कोणाक कळूचा नाय."

नर्मदेनं कप उचलून मोरीत नेले. हे तिच्याही मनात येऊन गेलं होतं, बांद्याच्या आसपास, गाडी थांबली होती तेव्हा. सांगितलं तर दोन गोष्टी सांगाव्या लागणार: शिसं, आणि देवीच्या आगळाच्या टपात मासळीचं जाळं. पहिली कुणाला कळेल न कळेल, दुसरी सगळ्यांना कळेल. मग पुढच्या वर्षी भिकाजी दुसऱ्या कुणाच्या अंगणात जाऊन उभा राहील. ती वाडीतल्या पंगतीत इतरांसारखी बसेल, कुणीतरी तिच्या वाटीत कढी वाढील, आणि तिला ती चांगली म्हणावी लागेल. दहा वर्षांत त्या कढीनं तिला जे दिलं होतं ते बाजारात मासळी विकून मिळणारं नव्हतं.

समाराधनेची ठरवाठरव करायला वाडी देवळात जमली तेव्हा भिकाजीनं नेहमीसारखं विचारलं, "वयनी, आगळ तयार?"

नर्मदा उठून उभी राहिली. सगळं सांगितलं, एका दमात, ठिणगीपासून पागेपर्यंत. गुणाजी खांबाआड सरकला.

बायकांच्या घोळक्यातून जानकीचा आवाज आला, "आणि आमी म्हणतंव, कढयेक चव नर्मदेच्या हाताची! ती गुणाजीच्या पागेची निघाली!"

देऊळ हसून दणाणलं. कुणी म्हणालं, "म्हणानच मी चार वाट्यो पियल्यार पोटान जड होतंय." कुणी गुणाजीला खांबाआडून ओढून काढलं. पण कोपऱ्यातले दोघंतिघं हसत नव्हते. त्यांतला एक म्हातारा म्हणाला, "शिशाचा रवांदे. देवीच्या नैवेद्यात मासळीचा जाळा, हेचा काय?"

सगळे भिकाजीकडे बघू लागले. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

"शिशाचा डॉक्टर सांगतले, मी सांगूचंय नाय. पागेचा मी सांगतंय. ही देवी आमका गावली खंय? दर्यात. कशात? जाळ्यात. तिका जाळ्याचो विटाळ लागता तर ती आमच्याकडे रवली असती?"

म्हातारा सावकाश म्हणाला, "ता खरा."

"पण आगळ नको," भिकाजी म्हणाला. "कढी करूची कशी?"

"बाजारात बाटल्यो गावतत," कुणीतरी सुचवलं. "कंपनीच्यो."

नर्मदा अजून बसली नव्हतीच. "कंपनीच्यो बाटल्यो कित्याक? कसालच्या बाजूक शेवटचे रातांबे अजून झाडार असतले. मी रुक्मिणीक सांगतंय. दिवस कमी आसत, आगळ वायच कोवळा ऱ्हवात, पण होयत. माझ्याकडे टप नाय. बरण्यो तुमी देवा. चिनी मातीच्यो, काचेच्यो, घरात असतीत तशो."

रुक्मिणी टेम्पोतून पाट्या घेऊन आली ती अंगणात पाय ठेवण्याआधीच विचारत आली, "गुणाजी खंय आसा? तेका बघूक इलंय मी, रातांबे आपले सांगाताक."

त्या दिवशी नर्मदेच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक घरातून एक बरणी आली होती. लोणच्याची, आजीच्या काळातली कडा उडालेली, एक तर लग्नात आंदण आलेली आणि तेव्हापासून कपाटातून न निघालेली. बायका रातांबे फोडत होत्या. हात कोपरापर्यंत लाल. नर्मदा मधोमध उभी राहून ओरडत होती, "मीठ! मीठ घाला! हात राखू नकात!" तिला कशाचं वाईट वाटायला सवडच नव्हती.

जुन्या बाटल्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. ओतायच्या तर कुठं? रुक्मिणी म्हणाली, "आमच्याकडे तांब्या-पितळेची भांडी आगळान घासतत." संजनाला फोन करून विचारलं. ती म्हणाली, चालेल. फक्त विहिरीपासून लांब घासा, पोरांना जवळ घेऊ नका, आणि मग भांडी न् हात दोन्ही साबणानं धुवा. देवळातल्या सगळ्या समया, घंटा, पराती, तांबे बाहेर काढले. दहा वर्षं देवीचं लाडकं असलेलं आगळ पितळेवर चोळलं गेलं. सगळ्यांत मोठी समई गुणाजीच्या वाट्याला आली. ती त्यानं मागून घेतली होती. तास दीड तास तो नुसता घासत होता. शेवटी जानकी म्हणाली, "पुरे मेल्या, भोक पडात तिका."

समाराधनेच्या आदल्या दिवशी मॅडमांचा निरोप आला. आगळात शिसं होतं. प्यायच्या पाण्यात चालतं त्याहून बरंच जास्त. संजनानं दोघांना रक्त तपासून घ्यायला बोलावलं. पुढं ते तपासलं आणि नर्मदेचं ठीक निघालं. गुणाजीचं थोडं वर होतं, मणी दातांनी चेपण्याचं फळ. पण त्या दिवशी निरोप ऐकून गुणाजी काही न बोलता बाहेर गेला. पत्र्याचा एक जुना डबा शोधून आणला, त्याला झाकण बसवलं आणि पाग त्यात घालून तो घराबाहेरच्या पडवीत टांगला. मग रापणीवरच्या माणसांना जाऊन सांगून आला, की मणी पकडीनं चेपा, दात ठेवा चणे खायला. खुळखुळा जानकीनं आधीच काढून घेतला होता आणि नातवाला लाकडी चक्र आणलं होतं.

समाराधनेला देऊळ असं दिसत होतं की शेजारच्या वाडीची माणसं आत येताना दारातच थबकत होती. समया ओळखू येत नव्हत्या. पंगत बसली. कढी प्रत्येक बरणीतलं थोडं थोडं आगळ घेऊन केली होती. रंग फिकट होता, पहिल्यासारखा भरलेला नाही. नर्मदा मोठ्या पातेल्यापाशी पळी धरून उभी होती आणि वाढणाऱ्यांकडे न बघता जेवणाऱ्यांच्या तोंडांकडे बघत होती.

शेजारच्या वाडीतली एक बाई वाटी चाटून पुसून म्हणाली, "कढी कोणाची गो ही? नर्मदेची?"

"आगळ माझ्या बरणीतला," जानकी पटकन म्हणाली.

"तुझा खंयचा? तुझा आंबट नुसता. ही गोडूस लागता ती माझी बरणी," तिची जाऊ म्हणाली.

"तुमी दोघीय गप ऱ्हवा. रंग कोणाच्या आगळाचो आसा ता बघा आधी," तिसरी म्हणाली.

भांडण पंगतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं. पुरुषही त्यात पडले. आपापल्या घरच्या बरणीची बाजू घेऊन भांडू लागले. भिकाजी म्हणाला, ठरवायचं असेल तर पुन्हा प्यायल्याशिवाय ठरणार नाही, आणि वाटी पुढं केली. मग सगळ्यांच्याच वाट्या पुढं आल्या.

"भांडा," नर्मदा म्हणाली, "पण बरण्यो माघारी न्हेव नकात. फुडल्या वर्साक माझ्याकडेच ऱ्हवतल्यो."

पातेल्याच्या तळाशी पळी लागायला लागली तेव्हा तिनं स्वतःसाठी एक वाटी बाजूला काढली, देवळाच्या मागच्या पायरीवर जाऊन बसली आणि आत चाललेलं भांडण ऐकत ती सावकाश प्यायली.